अंडाशयाची सोनोग्राफी: कुणी करावी, कशी करून घ्यावी, कागद कसा वाचावा

मी मिरजेत सोनोग्राफी करते. जत, कवठेमहांकाळ, अथणी, चिकोडीकडून बायका येतात. त्यांतल्या बऱ्याच जणी टेबलावर आडवं होता होता सांगतात, "त्रास काही नाही मॅडम, फक्त तसलं काही नाही ना एवढं बघा." तसलं म्हणजे कॅन्सर. नात्यातली किंवा शेजारची कुणीतरी अंडाशयाच्या कॅन्सरने गेलेली असते. कळलं तेव्हा तिच्या पोटात पाणी झालेलं होतं, आणि दहाव्या-तेराव्याला जमलेला प्रत्येक जण म्हणत होता की आधी सोनोग्राफी केली असती तर वाचली असती. ही भीती खोटी नाही. भारतात बायकांच्या कॅन्सरमध्ये स्तन आणि गर्भाशयमुख यांच्यानंतर अंडाशयाचाच क्रमांक लागतो, आणि बहुतेक जणींना तो पसरल्यावर कळतो. पण "आधी सोनोग्राफी केली असती तर" हे म्हणणं नेहमी खरं नसतं. ते कधी खरं असतं आणि कधी नसतं, हे प्रत्येक बाईला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

काहीच त्रास नसेल तर

ज्या बाईला कसला त्रास नाही आणि जिच्या रक्ताच्या नात्यात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर नाही, तिने केवळ खात्रीसाठी दरवर्षी अंडाशयाची सोनोग्राफी करू नये. माझं पोट सोनोग्राफीवर चालतं आणि तरी मी हे सांगते, कारण याचा निवाडा झालेला आहे. ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ या काळात पाळी थांबलेल्या, ५० ते ७४ वयाच्या २ लाखांहून जास्त बायका एका अभ्यासात घेतल्या. यूकेसीटॉक्स हे त्या अभ्यासाचं नाव. एका गटाची दरवर्षी खालून, म्हणजे योनीमार्गातून, सोनोग्राफी केली. दुसऱ्या गटाची दरवर्षी सीए-१२५ ही रक्ततपासणी केली आणि तिचा आकडा चढत गेला तरच सोनोग्राफी. उरलेल्या, म्हणजे एकूणातल्या निम्म्या, बायकांची यातली कोणतीच तपासणी केली नाही. साधारण १६ वर्षं सगळ्यांवर लक्ष ठेवलं. २०२१ मध्ये निकाल आला तेव्हा अंडाशयाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कोणत्याही गटात कमी झालेले नव्हते. रक्ततपासणीच्या गटात पहिल्या टप्प्यातले कॅन्सर थोडे जास्त सापडले, पण त्यानेही जीव वाचले नाहीत.

कारण या आजाराच्या चालीत आहे. सगळ्यात जास्त आढळणारा आणि सगळ्यात घातक प्रकार, हाय ग्रेड सीरस, बहुधा अंडाशयात सुरूच होत नाही. तो गर्भनलिकेच्या मोकळ्या टोकाशी सुरू होतो. तिथल्या पेशी सुटून हातातून सांडलेल्या राजगिऱ्यासारख्या पोटाच्या अस्तरावर पडतात. त्या वेळी पडद्यावर अंडाशय अगदी निरोगी दिसत असतं. जानेवारीत रिपोर्ट नॉर्मल आणि दिवाळीपर्यंत पोटात पाणी, असं होतं तेव्हा लोक सोनोग्राफी करणाऱ्याला दोष देतात. पण बऱ्याचदा जानेवारीत तिथे दिसण्यासारखं काहीच नसतं.

बरं, फायदा नाही तर नाही, तोटा काय, असं कुणी विचारेल. तोटा मोठा आहे. अमेरिकेतल्या पीएलसीओ या अभ्यासात ७८ हजारांवर बायका होत्या. २०११ मध्ये निकाल आला, तिथेही मृत्यू घटले नाहीत. उलट ३,२८५ जणींना कॅन्सर नसताना तपासणीने संशयित ठरवलं, त्यांतल्या १,०८० जणींची शस्त्रक्रिया झाली, आणि त्यांतल्या १६३ जणींना शस्त्रक्रियेनंतर गंभीर गुंतागुंत झाली. या बायका घरातून धडधाकट निघाल्या होत्या.

आपल्याकडे हा धोका आणखी जवळ आहे. "गाठ आहे" या दोन शब्दांवर पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढून टाकायची सवय आपल्या भागाला लागली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तिशी-पस्तिशीतल्या बायका पिशवी काढून माझ्यासमोर येतात, आणि का काढली विचारलं तर म्हणतात, सोनोग्राफीत गाठ निघाली होती. जुना कागद पाहावा तर अडीच सेंटिमीटरची पाण्याची पिशवी. पाळी चालू असलेल्या बाईच्या अंडाशयात अशी पिशवी दर महिन्याला तयार होते, तिच्यातूनच बीज बाहेर पडतं. ३ सेंटिमीटरपर्यंत तिला गाठ म्हणायचंच नसतं. आणि गर्भाशयाबरोबर पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशयंही काढली गेली, तर पुढे हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. माझ्या खोलीत निघालेला एक साधा कागद एखाद्या बाईला तिथपर्यंत नेऊ शकतो, म्हणून विनाकारण आलेल्या बाईला मी समजावून परत पाठवते.

सरकारी तपासणीत तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख पाहतात. अंडाशय त्यात नाही, कारण जीव वाचवेल अशी तपासणी त्यासाठी अजून सापडलेली नाही. गर्भाशयमुखाची तपासणी जरूर करा, मात्र पॅप स्मिअर नॉर्मल आली म्हणजे अंडाशयाचंही कळलं असं समजू नका. त्या तपासणीचा अंडाशयाशी संबंध नाही.

त्रास कोणता, आणि तो कसा मोजायचा

आता दुसरी बाजू, आणि हिच्यात माझा जास्त जीव गुंतलेला आहे. त्रास असलेली बाई फार उशिरा येते.

अंडाशयाचा कॅन्सर लक्षणं देतो, पण ती पोटाच्या तक्रारीसारखी वाटतात. पोट फुगतं आणि सकाळी उठल्यावरही उतरत नाही. चार घास खाल्ले की गच्च होतं. ओटीपोटात किंवा पोटात दुखत राहतं. लघवीला सारखं जावंसं वाटतं. हातपाय वाळत जातात आणि परकराची नाडी मात्र सैल करावी लागते. बाई ओवा खाते, हिंग लावते, मेडिकलमधून गॅसच्या गोळ्या आणते, मग ॲसिडिटीची औषधं, मग एंडोस्कोपी. महिने जातात.

वेगळं ओळखायचं कसं? हा त्रास नवा असतो आणि पुन्हा पुन्हा येतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचा हिशेब लिहिता तिथेच, ज्या दिवशी यातलं काही झालं त्या तारखेवर फुली मारा. महिन्यात १२ पेक्षा जास्त फुल्या झाल्या आणि हा त्रास गेल्या वर्षभरातच सुरू झालेला असेल, तर डॉक्टरांकडे जा आणि कॅलेंडर दाखवा. पोट झपाट्याने वाढत असेल तर महिना मोजत बसू नका, त्याच आठवड्यात जा. पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदा सुरू झालेला "गॅसेस"चा त्रास गॅसेसचाच आहे असं अंडाशय पाहिल्याशिवाय कुणाला ठरवू देऊ नका. पाळी थांबल्यावर अंगावरून पुन्हा रक्त जाणं हेही लगेच दाखवायचं लक्षण आहे. ते बहुधा गर्भाशयाच्या आतल्या अस्तरातून येतं, तरी त्याच सोनोग्राफीत दोन्ही पाहता येतं.

डॉक्टरांना स्पष्ट विचारा: "यात अंडाशय बघायला हवं का?" या एका प्रश्नाने तपासणीची दिशा बदलते.

चिठ्ठी आणि येताना काय आणायचं

चिठ्ठीवर नुसतं "यूएसजी पेल्विस" (ओटीपोटाची सोनोग्राफी) असेल तर डॉक्टरांना आणखी एक ओळ लिहायला सांगा: वय, शेवटची पाळी कधी आली किंवा कधी थांबली, त्रास काय आणि किती दिवसांपासून. मला हे कळलं तर मी अंडाशय पाहून थांबत नाही. पोटात पाणी आहे का, आतड्यांवरचा चरबीचा पदर जाड झालाय का, यकृताभोवती काही आहे का, हेही पाहते. म्हणून असा त्रास असेल तर फक्त ओटीपोटाची नको, पूर्ण पोट आणि ओटीपोट अशी सोनोग्राफी लिहून घ्या.

पाळी चालू असेल आणि घाई नसेल तर पाळीच्या पाचव्या ते नवव्या दिवसाच्या आसपास या. तेव्हा अंडाशय शांत असतं, महिन्याच्या मध्याला दिसणाऱ्या पाण्याच्या पिशव्यांचा घोळ होत नाही.

जुने सगळे रिपोर्ट आणा, फिल्म आणि मोबाइलमधले फोटोसुद्धा. पूर्वी ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या भागाचा तपासणी रिपोर्ट आणा. "पिशवी काढली" एवढ्यावरून अंडाशयं ठेवली की काढली हे कळत नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या कित्येक बायकांना ते कुणी सांगितलेलंच नसतं. अंडाशयं ठेवली असतील तर त्यांचा कॅन्सर होऊ शकतो. पिशवी गेली म्हणजे भीती गेली, असं नाही.

पोटावरून सोनोग्राफी करायला लघवी भरलेली लागते. भरलेली मूत्रपिशवी आतडी बाजूला सारते आणि तिच्यामागचं स्पष्ट दिसतं. तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी प्या आणि लघवीला जाऊ नका. मात्र तडस लागेपर्यंत भरू नका, फार भरली तरी अंडाशय दूर ढकललं जातं. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असून पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर आधी फोन करून विचारा. कपडे सोपे घाला. परकर-पोलकं किंवा सलवार बरी, एकसंध ड्रेस गैरसोयीचा पडतो. दागिने काढायची गरज नाही.

सेंटर निवडताना भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र आणि गर्भलिंग निदान केलं जात नाही हा फलक दिसतो का, ते पाहा. कायद्याने दोन्ही लागतं.

खालून सोनोग्राफी

हे ऐकलं की बायका दचकतात, म्हणून सावकाश सांगते.

पोटावरून पाहताना कातडी, चरबी, आतड्यातली हवा या सगळ्यांतून वाट काढावी लागते. योनीमार्गातून पाहिलं तर अंडाशय अगदी जवळ येतं. गाठीच्या आत पडदे आहेत का, भिंतीवर कोंब आहेत का, रक्तपुरवठा किती आहे, हे नीट दिसतं. पाळी थांबल्यावर अंडाशय आक्रसतं, जाड पोटातून तर ते सापडतही नाही. तेव्हा संशय असेल तर खालून सोनोग्राफी टाळू नका.

आधी लघवी करून यायचं. पाठीवर झोपून गुडघे मोडायचे, अंगावर चादर असते. अंगठ्याहून थोडा जाड, लांबट प्रोब असतो, त्यावर नवं कव्हर आणि जेल. दोन-तीन इंच आत जातो. दाब जाणवतो, दुखलं नाही पाहिजे. दुखलं तर "थांबा" म्हणा, थांबवणं हे डॉक्टरचं काम आहे. हवं असेल तर प्रोब आत घेण्यासाठी तुम्ही स्वतः हात लावू शकता, मी बऱ्याच जणींना तसंच सांगते, भीती निम्मी होते. पाळी थांबलेल्या बायकांना आत कोरडेपणा असतो, जास्त जेल मागा. रबरी हातमोज्याने अंगावर उठत असेल तर आधी सांगा. रक्तस्राव चालू असला तरी तपासणी करता येते. दहा-पंधरा मिनिटांत होतं.

डॉक्टर पुरुष असेल तर खोलीत बाई मदतनीस असलीच पाहिजे. नसेल तर "सिस्टरला बोलवा" म्हणा आणि ती येईपर्यंत थांबा. यात संकोच करू नका.

ज्या मुलीचे शरीरसंबंध आलेले नाहीत तिची सोनोग्राफी खालून करत नाहीत. पोटावरून करतात, फारच गरज पडली तर गुदमार्गातून. हा प्रश्न मी आईला, सासूला बाहेर बसवून विचारते. तुमच्या डॉक्टरने सगळ्यांसमोर विचारला तर "एकटीशी बोलायचंय" असं सांगायचा तुम्हाला अधिकार आहे.

रिपोर्ट वाचताना

पहिल्यांदा एक लक्षात घ्या: "बल्की युटेरस", "पीसीओडी पॅटर्न", "नॅबोथियन सिस्ट", पाळीच्या वयात "मिनिमल फ्री फ्लुइड" या शब्दांचा अंडाशयाच्या कॅन्सरशी संबंध नाही.

अंडाशयाच्या ओळीत "सिम्पल सिस्ट" असेल तर ती पातळ भिंतीची, आत फक्त पाणी असलेली गाठ. पाळीच्या वयात ५ सेंटिमीटरपर्यंत तिच्यामागे सहसा लागायचं नसतं. पाळी थांबल्यावरही ३ सेंटिमीटरच्या आतली अशी गाठ बऱ्याचदा तशीच सोडून देता येते. "हेमरेजिक सिस्ट" म्हणजे आत रक्त साकळलेलं. पाळीच्या वयात ती दोन-तीन महिन्यांत बहुधा विरते, म्हणून पुढच्या पाळ्यांनंतर पुन्हा पाहायचं आणि तोवर ऑपरेशनची तारीख घ्यायची नाही. मात्र एकाएकी जोरात पोट दुखलं, उलट्या झाल्या, तर गाठीला पीळ बसला असू शकतो. तेव्हा रात्र असली तरी दवाखाना गाठा.

लक्ष द्यायचे शब्द वेगळे आहेत: "सॉलिड कंपोनंट" (गाठीतला भरीव भाग), "पॅपिलरी प्रोजेक्शन्स" (भिंतीवरचे कोंब), "थिक सेप्टा" (जाड पडदे), "इन्क्रीज्ड व्हॅस्क्युलॅरिटी" (वाढलेला रक्तपुरवठा), "असायटिस" (पोटात पाणी), "ओमेंटल थिकनिंग" (चरबीचा पदर जाड होणं). यांतला एखादा शब्द आला म्हणजे कॅन्सर ठरला असं नाही, पण पुढची तपासणी ठरली.

अलीकडे काही रिपोर्टमध्ये ओ-रॅड्स म्हणून आकडा असतो, ० ते ५. शून्य म्हणजे नीट दिसलं नाही, पुन्हा पाहावं लागेल. १ म्हणजे नॉर्मल. २ म्हणजे कॅन्सरची शक्यता शंभरात एकीपेक्षाही कमी. ३ म्हणजे शंभरात १ ते १०. ४ म्हणजे १० ते ५०. ५ म्हणजे निम्म्याहून अधिक. तुमच्या रिपोर्टात गाठ लिहिली आहे आणि आकडा नाही, तर परत जाऊन विचारा: "मॅडम, ओ-रॅड्स किती?" विचारलेलं मला तरी आवडतं. ज्या बाईच्या हातात आकडा आहे तिला नुसत्या "गाठ" या शब्दाने घाबरवणं अवघड जातं.

सीए-१२५ चा आकडा ३५ च्या आत असावा असं धरतात. पण तो पाळीत वाढतो, चॉकलेट सिस्टमध्ये (अंडाशयातली जुन्या रक्ताची गाठ) वाढतो, फायब्रॉइडमध्ये (गर्भाशयातली साधी गाठ), गरोदरपणात, यकृताच्या आजारात वाढतो. आणि पहिल्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये सुमारे निम्म्या जणींत तो वाढलेलाच नसतो. म्हणून हा आकडा सोनोग्राफीच्या सोबतीने वाचायचा. आपल्या देशात एक गोष्ट आणखी: पोटाचा टीबी. पोटात पाणी, जाडसर पदर, सीए-१२५ कित्येकशे, वजन उतरलेलं, सगळं हुबेहूब कॅन्सरसारखं. तरुण बाई असेल, संध्याकाळचा ताप असेल, तर पाण्याची आणि तुकड्याची तपासणी होईपर्यंत कुणी "आता काही उरलं नाही" म्हटलं तरी ऐकू नका. टीबी औषधांनी पूर्ण बरा होतो.

आकडा ४ किंवा ५ आला तर

दोन गोष्टी सांभाळा. संशयित गाठीत सुई घालून पाणी काढू देऊ नका. कॅन्सर गाठीच्या आतच असेल आणि ती फुटली, तर आजाराचा टप्पा वाढतो. आणि जवळ आहे म्हणून कुठल्याही ऑपरेशन थिएटरमध्ये झोपू नका. स्त्रियांच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया शिकलेल्या सर्जनकडे जा. पहिल्या ऑपरेशनमध्ये आजार किती पूर्ण निघाला, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. आमच्या बाजूच्या बायकांना मी बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल किंवा परळचं टाटा सुचवते. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

घरात कुणाला झाला असेल तर

आई, बहीण, मावशी, आत्या यांच्यापैकी कुणाला अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, किंवा कमी वयात स्तनाचा, तर वर लिहिलेला "त्रास नसेल तर नको" हा नियम तुम्हाला जसाच्या तसा लागू नाही. पण तुमचंही उत्तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी हे नव्हे. तुमचं उत्तर जनुकीय तपासणी हे आहे. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही दोन जनुकं त्यात पाहतात. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या बाईला आयुष्यात हा कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात सुमारे ४० किंवा त्याहून जास्त असते, बीआरसीए-२ मध्ये १५ ते २० च्या घरात, आणि इतर बायकांत एक-सव्वा. दोष सापडला तर मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए-१ ला ३५ ते ४० आणि बीआरसीए-२ ला ४० ते ४५ या वयात गर्भनलिका आणि अंडाशयं काढणं, हाच आजवरचा भरवशाचा उपाय आहे. त्यांच्याबाबतीत लवकर अंडाशयं काढण्याचे तोटे पत्करण्यासारखे असतात. ते वय येईपर्यंत काही डॉक्टर सोनोग्राफी आणि सीए-१२५ करत राहतात. करा, पण नॉर्मल रिपोर्ट आला म्हणून ऑपरेशन पुढे ढकलू नका.

तपासणी आधी आजारी असलेल्या बाईची करायची, ती हयात असताना. तिच्यात दोष सापडला तर तोच दोष बहिणींत, मुलींत आणि मुलांतही शोधता येतो. तिची न करता थेट मुलीची केली आणि काही निघालं नाही, तर त्या उत्तराचा अर्थ नीट लागत नाही. आणि वडिलांकडची बाजू सोडू नका. आत्याचा कॅन्सर "ती दुसऱ्या घरची" म्हणून बायका मला सांगतच नाहीत, मी विचारून काढून घेते. हा दोष बापाकडूनही तेवढाच येतो.